बार्बाडोसमध्ये किनारा कसा निवडायचा आणि तिथे कसं पोचायचं

बार्बाडोसहून परतलेल्या ओळखीच्यांकडून मला दोनच तक्रारी ऐकू येतात. ‘किनारा देखणा होता, पण पाण्यात शिरता आलं नाही’ ही एक. ‘येताना बसच मिळेना, टॅक्सीला पैसे ओतले’ ही दुसरी. दोन्हींचं मूळ एकच आहे. फोटो बघून किनारा ठरवला, मग जायचं कसं ते शोधलं आणि परत यायचं कसं हा प्रश्न वाळूत टॉवेल पसरल्यावर पडला.

हा क्रम उलटा करा. आधी बेटाची बाजू, मग त्या दिवसाचा समुद्र, मग परतीची गाडी आणि किनाऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी. मुक्काम राजधानी ब्रिजटाउनच्या आसपास किंवा दक्षिण किनाऱ्यावर आहे असं धरून पुढचं लिहिलं आहे. न्यू जर्सीहून किंवा लंडनहून आठवडाभरासाठी येणारी माझ्या ओळखीतली मंडळी तिथेच उतरतात.

निघण्याआधीचं एक काम: भारतीय पासपोर्टवर फिरायला येणाऱ्याला बार्बाडोसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. या वाक्यावर विसंबून तिकीट काढणारे वाटेत अडकतात, कारण विमान लंडन, टोरांटो किंवा अमेरिकेतून जातं आणि तिथले नियम वेगळे असतात. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख आत्ताच उघडून बघा. मुदत संपलेला व्हिसा घेऊन कॅनडाला थोडे दिवस जाऊन अमेरिकेत परत येण्याची सवलत तुम्हाला बार्बाडोससाठी मिळत नाही.

## टप्पा १: आधी बाजू ठरवा

बेट चिमुकलं आहे. उत्तर-दक्षिण ३४ किलोमीटर, रुंदी फार तर २३. त्यामुळे कुठेही गेलं तरी समुद्र तोच, असं वाटतं. पण शाळेच्या भूगोलात पाठ केलेले व्यापारी वारे इथे बारा महिने पूर्वेकडून आणि ईशान्येकडून वाहतात. पूर्वेला आफ्रिकेपर्यंत मधे जमीन नाही. अटलांटिकची लाट एवढा पल्ला मारून थेट बेटावर आपटते आणि बेटाच्या आडोशाला पश्चिमेचं पाणी निवांत राहतं.

आपली कोकणी सवय इथे घात करते. आपल्या लेखी समुद्र म्हणजे पश्चिम, आणि एका गावचा किनारा कळला की शेजारच्या गावचाही कळला. इथे वीस किलोमीटरवर पोहण्याच्या टाकीसारखं पाणी आणि माणूस आडवा करणारं पाणी, दोन्ही मिळतात.

पश्चिम: पेन्स बे, होलटाउन, मलिन्स. पाणी शांत, लहान मुलांना आणि पोहायला बिचकणाऱ्यांना सगळ्यात सोपं. वाळूचा पट्टा मात्र ठिकठिकाणी अरुंद आहे आणि त्याला लागूनच हॉटेलं आणि बंगले.

नैर्ऋत्य कोपरा: ब्रिजटाउनला चिकटलेला कार्लाइल बे. ब्राउन्स बीच आणि पेबल्स बीच याच उपसागरावर आहेत. एकच दिवस हातात असेल तर मी डोळे मिटून इथेच पाठवतो.

दक्षिण: रॉकलीचा आक्रा बीच, डोव्हर, ऑइस्टिन्सजवळचा मायामी बीच. मायामीचं अधिकृत नाव एंटरप्राइझ, त्यामुळे नकाशात दोन्ही नावं शोधा. लाटा मध्यम, अंगावर घ्यायला मजा येते.

आग्नेय: क्रेन, बॉटम बे. कॅलेंडरवर दिसणारे कडे, माड आणि गुलाबी झाक असलेली वाळू इथलीच. लाटा जोरदार.

पूर्व: बाथशीबा. बघायला जा, पोहायला नाही.

उत्तर टोकाला बहुतेक कडेच आहेत. पोहण्याच्या हिशेबातून ते वगळा.

तपासणी: किनाऱ्याचं नाव न घेता ‘मला कुठल्या बाजूला जायचंय आणि का’ हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: महिना बघा, मग त्या सकाळचा समुद्र बघा

डिसेंबर ते मे कोरडा हंगाम, जून ते नोव्हेंबर पावसाळी. इथला पाऊस आपल्यासारखा झड लावून बसत नाही. सर येते, भिजवते, ऊन पडतं. त्यामुळे ‘जूनमध्ये समुद्र बंद’ हा आपला हिशेब इथे लागू नाही.

वादळांचा हंगाम मात्र याच महिन्यांत, १ जून ते ३० नोव्हेंबर. बार्बाडोस बाकीच्या बेटांच्या पूर्वेला एका बाजूला असल्यामुळे बऱ्याच वादळांच्या वाटेतून सुटतं, पण दर वेळी नाही. २९ जून २०२४ ला केन्सिंग्टन ओव्हलवर रोहित शर्माच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि नंतर सगळा संघ ब्रिजटाउनमध्येच अडकून पडला, ते बेरिल वादळामुळे. वादळ बेटाच्या दक्षिणेकडून निघून गेलं, तरी इथल्या मच्छीमारांच्या होड्यांची दाणादाण उडाली. या महिन्यांत येणार असाल तर परतीचं तिकीट बदलता येईल असं घ्या. वादळ शेकडो किलोमीटर लांब असतानाही लाटा उसळतात, त्यामुळे वर निळं आकाश दिसतंय म्हणून फसू नका.

दुसरी गोष्ट सार्गासम. हे तपकिरी तरंगतं शेवाळ २०११ पासून कॅरिबियनमध्ये मोठ्या प्रमाणावर येऊ लागलं. जोर साधारण मार्च ते ऑगस्ट. ते वाऱ्याबरोबर येतं, म्हणून मार बसतो तो पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यांना, कधी दक्षिणेलाही. ताजं असताना नुसतं पायात गुंतणारं असतं. दोन-तीन दिवस उन्हात कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, दम्याच्या माणसाला त्रासच. इथल्या वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या केव्ह हिल परिसरातलं सर्मेस हे केंद्र सार्गासमचे अंदाज काढतं, ते निघण्याआधी बघावेत. पण अंदाज आठवड्यांचा असतो आणि तुम्हाला हवा असतो आजचा. त्यासाठी हॉटेलच्या माळ्याला किंवा नाश्त्याच्या टपरीवरच्या बाईला विचारा: ‘आज कुठल्या बाजूला शेवाळ आहे?’ याहून खात्रीची बातमी मला कुठल्याही ॲपने दिलेली नाही.

तिसरी गोष्ट पश्चिमेच्या भरवशाची. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये वादळं झाली की तिथून उठलेल्या लाटांचा फुगारा बेटाला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर येतो. एरवी तळ्यासारखा असणारा मलिन्स अशा दिवशी गढूळ आणि खवळलेला असतो. असे दोन-तीन दिवस निघाले तर दक्षिणेला जा, गंमत म्हणजे तेव्हा तिकडे बरं असू शकतं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र बाजूला ठेवा. मुंबईच्या उधाणाला पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं. इथे हा फरक १ मीटरच्याही आत असतो. आपल्याकडे ओहोटीला समुद्र आत जातो तसं काही दिसणार नाही. पश्चिमेच्या अरुंद पट्ट्यांवर तेवढा परिणाम जाणवतो: सकाळी चाललात ती वाळू दुपारी पाण्याखाली, आणि वाटेत कुणाची तरी भिंत.

## टप्पा ३: कशासाठी जाताय त्यावरून नाव ठरवा

लहान मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर पेन्स बे किंवा कार्लाइल बे. आजी-आजोबांना चढ-उतार नको असेल तर कार्लाइलच, कारण तिथे रस्ता आणि वाळू जवळजवळ एका पातळीवर आहेत.

पाण्याखाली बघायचं असेल तर पुन्हा कार्लाइल बे. तिथे तळाशी बुडालेल्या बोटी आहेत आणि कासवं हमखास म्हणावीत इतकी. होलटाउनचं फोकस्टोन सागरी उद्यानही आहे, पण तिथे खडकांवर काळ्या लांब काट्यांचे सी-अर्चिन, म्हणजे चेंडूसारखे गोल समुद्री जीव, असतात. बूट घातल्याशिवाय पाय टेकवू नका. कासवांना हात लावू नका, खायला घालू नका. होडीवाला घालताना दिसला तरीही.

लाटा अंगावर घ्यायच्या तर आक्रा किंवा डोव्हर. निवांतपणा आणि झाडाची सावली हवी तर मायामी. वाऱ्याचे खेळ खेळायचे तर सिल्व्हर सँड्स. पोहणाऱ्याने तिथे जाऊन शिडांच्या मधे येऊ नये.

फोटोच हवा असेल तर बॉटम बे आणि बाथशीबा, आणि तसं स्वतःशी कबूल करून जा. बाथशीबाला खडकांच्या मधे साचलेल्या उथळ डोहांत बसता येतं. त्यापलीकडचं पाणी कसलेल्या सर्फरांचं. पूर्वेला पोहायचंच असेल तर बाथ नावाचा वेगळा किनारा आहे, पुढे खडकांची आडवी रांग असल्यामुळे पाणी बरंच शांत. बाथ आणि बाथशीबा यांची गल्लत करणारे पुष्कळ. टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव दोनदा सांगा.

एक किनारा असा आहे जो दुपारी साधारण वाटतो आणि पहाटे विसरता येत नाही. पेबल्स बीचवर सकाळी उजाडताना गॅरिसनच्या रेसकोर्सचे घोडे पाण्यात आणतात. मोतद्दार गळाभर पाण्यात उभा, घोड्याचं फक्त डोकं वर, नाकपुड्यांतून फुर्रकन उडालेलं पाणी. सहाच्या आधी पोचा. आठला गेलात तर वाळूत टापांचे ठसे तेवढे मिळतील.

## टप्पा ४: पिशवी आणि पैसे

बार्बाडोसचे २ डॉलर म्हणजे अमेरिकेचा १. हा दर बांधलेला आहे आणि दुकानांत अमेरिकी डॉलर सर्रास चालतात. घोळ इथेच होतो. खुर्ची-छत्रीवाला ‘वीस डॉलर’ म्हणतो, तुम्ही मान हलवता, आणि हिशेबाच्या वेळी दोघांच्या मनातले डॉलर वेगळे निघतात. दर ऐकला की पहिला प्रश्न: ‘कुठले डॉलर?’ टॅक्सीलाही हेच. मीटर नसतं, दर ठरलेले असतात, पण बसण्याआधी विचारायचे.

बससाठी स्थानिक सुटे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. बेट १३ अक्षांशावर आहे आणि वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, म्हणून पाठ भाजलेली संध्याकाळीच कळते. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट हा क्रीमपेक्षा भरवशाचा.

सावध: लष्करी छाप्याचे कपडे इथे कायद्याने बंद आहेत. टोपी, पिशवी, मुलांच्या कार्गो चड्ड्या, सगळं त्यात आलं. भरताना एकदा बॅग तपासा.

## टप्पा ५: पोचणं

बहुतेकांची गाडी इथेच घसरते, म्हणून जरा सविस्तर.

रस्त्यावर तीन प्रकारची वाहनं दिसतील. निळ्या बस सरकारी, ट्रान्सपोर्ट बोर्डाच्या. पिवळ्या मिनीबस खाजगी. आणि पांढऱ्या, लालसर पट्ट्याच्या व्हॅन, ज्यांच्या नंबरप्लेटवर झेड आणि आर असतं म्हणून त्यांचं नावच झेड-आर. भाडं तिन्हींत एकच, कुठूनही कुठेही ३.५० बार्बाडोस डॉलर. निळ्या बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, परकी चलन घेत नाहीत. पाच डॉलरची नोट टाकलीत तर उरलेले विसरा. पिवळ्या बस आणि झेड-आर सुटे देतात.

झेड-आर म्हणजे आपल्या सातारा-सांगलीकडचं वडाप. माणसं दाटीने, गाणी ढणाणा, वळणावर एकमेकांच्या मांडीवर. दक्षिण किनाऱ्यासाठी यासारखी सोय नाही. ११ नंबरची झेड-आर ब्रिजटाउनहून निघून आक्रा, सेंट लॉरेन्स गॅप, ऑइस्टिन्स करत सिल्व्हर सँड्सला जाते आणि फार वेळ वाट बघावी लागत नाही.

क्रम असा:

1. ब्रिजटाउनचे स्टँड वेगवेगळे आहेत. दक्षिण, आग्नेय आणि पूर्वेच्या सरकारी बस फेअरचाइल्ड स्ट्रीटच्या बाजूने, उत्तर आणि पश्चिमेच्या प्रिन्सेस ॲलिस स्टँडवरून. दोन्हींत शहर ओलांडायचं अंतर आहे, त्यामुळे आधी दिशा, मग स्टँड.

2. बसच्या कपाळावर तुमच्या किनाऱ्याचं नाव असेलच असं नाही, शेवटच्या थांब्याचं असतं. पश्चिमेच्या सगळ्या किनाऱ्यांसाठी ‘स्पाइट्सटाउन’ बघा. क्रेनसाठी ‘सॅम लॉर्ड्स कॅसल’. बाथशीबाला त्याच नावाची बस आहे, तासभराचा प्रवास धरा.

3. वाटेतल्या थांब्यावर उभे असाल तर खांबावरची गोल पाटी वाचा. तिच्यावर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ एवढंच लिहिलेलं असतं. सिटी म्हणजे ब्रिजटाउन.

4. बस दिसली की हात करा. नुसतं उभं राहिलात तर निघून जाते.

5. चढताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ही इथली रीत आहे. ती पाळली की उतरायचं ठिकाण सांगायला अख्खी गाडी मदतीला येते.

तिसऱ्या मुद्द्यावर मी स्वतः आपटलो आहे. पेन्स बेहून परतताना समोरच्या थांब्याला ऊन होतं आणि या बाजूला झाडाची सावली. सावलीत उभा राहिलो, बस आली, चढलो. दहा मिनिटांनी शेजारच्या आजींनी विचारलं, ‘डार्लिंग, तू चाललास कुठे?’ म्हटलं, ब्रिजटाउनला. त्यांनी खिडकीबाहेर उत्तरेकडे बोट दाखवलं आणि हसू दाबलं. स्पाइट्सटाउनला उतरून पुन्हा ३.५० डॉलर मोजले.

गाडी भाड्याने घेणार असाल तर दोन गोष्टी आपल्या बाजूने आहेत: वाहनं डावीकडून चालतात आणि अंतरं लहान आहेत. पर्यटकांना लागणारा तात्पुरता परवाना गाडी देणाऱ्याकडेच मागा. मात्र आतले रस्ते अरुंद, आणि उसाच्या हंगामात वळणावर दोन्हीकडे ऊस इतका वाढलेला असतो की समोरचं वाहन अंगावर आल्यावरच दिसतं. आपल्याकडच्या ऊस पट्ट्यात गाडी चालवलेल्याला सांगायला नको: हॉर्न द्या, वेग उतरवा. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट एच अक्षराने सुरू होते, म्हणजे पर्यटक आहे हे लांबूनच कळतं. सीटवर काही ठेवून जाऊ नका, विशेषतः बॉटम बेसारख्या एकाकी ठिकाणी.

तपासणी: निघण्याआधी परतीच्या थांब्याचं नाव आणि शेवटची सोयीची वेळ लिहून घेतली का? पूर्वेकडच्या बस मोजक्या, रविवारी त्याहून कमी.

## टप्पा ६: रस्त्यापासून वाळूपर्यंत

पश्चिमेला बसमधून उतरल्यावर समोर समुद्र दिसत नाही, भिंत दिसते. इथे हिरमुसून परत फिरणारे मी पाहिले आहेत. बार्बाडोसचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत. दोन भिंतींच्या मधून जाणारी बोळकांडी शोधा, बहुतेक ठिकाणी ‘पब्लिक ॲक्सेस’ अशी पाटी असते. हॉटेलच्या स्वागतकक्षातून वाट मागायची गरज नाही. खुर्च्या हॉटेलच्या, वाळू सगळ्यांची, एवढं लक्षात ठेवा म्हणजे वाद होत नाही. क्रेनलाही मोठं हॉटेल कड्यावर बसलेलं आहे, तरी बाजूने खाली जाणारी सार्वजनिक वाट आहे.

सावध, आणि हे मुलांनाही सांगा: वाळूच्या कडेला मँचिनील नावाचं झाड असतं. चकचकीत पानं, छान सावली, खाली पडलेली हिरवी-पिवळी फळं, अगदी लहान सफरचंदासारखी. फळ विषारी आहे. पान किंवा फांदी मोडली की पांढरा चीक येतो आणि तो अंगाला लागला की बिब्बा उतल्यासारखे फोड येतात. पावसाची सर आली की माणूस आपोआप झाडाखाली पळतो, आणि पानांवरून गळणारं पाणीही भाजतं. बऱ्याच झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो. पट्टा नसलेलीही असतात, म्हणून फळं पडलेली दिसली की टॉवेल उचला. भिजलेलं परवडलं.

## टप्पा ७: पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं

कपडे बदलण्याआधी नुसतं उभं राहून बघा. लाटा गटागटाने येतात. दोन मिनिटं शांत दिसलं म्हणून आत गेलेल्याला तिसऱ्या मिनिटाचा गट गाठतो.

झेंडा बघा. लाल असेल तर विषय संपला. जीवरक्षक काही ठरावीक किनाऱ्यांवरच असतात, आक्रा आणि मायामीला असतात. बॉटम बेला तुम्ही एकटे आहात असंच समजा.

लाटा फुटणाऱ्या रांगेत मधेच एखादा पट्टा सपाट, गढूळ आणि मऊ दिसतो. नवखा माणूस नेमका तिथून शिरतो. पाणी परत आत खेचणारा प्रवाह तोच असतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा आणि मग वळा. क्रेनला आणखी एक प्रकार आहे: लाट अगदी वाळूवर येऊन आपटते. गुडघाभर पाण्यात समुद्राकडे पाठ करून फोटोला उभं राहिलेले लोक तोंडघशी पडतात, मग चष्मा आणि फोन शोधत बसतात.

पश्चिमेला लाटेची नाही, जेट-स्कीची काळजी घ्या. तरंगत्या बोयांच्या आतच पोहा.

## टप्पा ८: परत फिरणं

विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य ऋतूप्रमाणे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो आणि अर्ध्या तासात मिट्ट. पूर्वेला आणि आग्नेयेला असाल तर साडेतीनलाच आवरायला घ्या, म्हणजे एक बस चुकली तरी पुढची उजेडात मिळेल. पश्चिमेला सूर्यास्त बघून निघायला हरकत नाही, मुख्य रस्ता हाकेवर असतो आणि बस येत राहतात. त्या दिवशी शुक्रवार असेल तर दुपार मायामीला घालवा, तिथून चालत ऑइस्टिन्सच्या मासे बाजारात जा, भाजलेला मासा खा. रात्री उशिरापर्यंत त्या रस्त्यावर झेड-आर मिळते.

चढण्याआधी पायाची वाळू झटका आणि ओली चड्डी बदला. सीट भिजवलेली कंडक्टरला चालत नाही, आणि पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरणं इथल्या माणसांना आपल्याइतकंच खटकतं.